तक्त्यात न मावलेली पुनव

माझा मेव्हणा औशाजवळच्या एका गावात शेती करतो. सोयाबीन, तूर आणि दोन म्हशी. माणूस कमी बोलतो, पण माझ्याबद्दल त्यानं एक वाक्य असं गावभर करून ठेवलंय की मला ते पारावर, एसटीत, कुठंही ऐकू येतं. "दाजी बोलायला लागले की म्हैस दूध चोरती."

यात अतिशयोक्ती आहे. म्हैस एकदाच बिथरली होती, आणि तेव्हा मी तिच्याशी नाही, तिची धार काढणाऱ्या मेव्हण्याशी बोलत होतो. मी त्याला एवढंच सांगत होतो की देश स्वतंत्र झाला त्या पंधरा ऑगस्टला पंचांगात अधिक श्रावण चालू होता. म्हणजे दर अडीच-तीन वर्षांनी जो जादाचा महिना येतो, ज्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, तो. आणि आपल्या मराठवाड्याला तर निजामापायी त्याच्यापुढं आणखी तेरा महिने थांबावं लागलं. इथं मी जरा हातवारे केले. बादली सांडली.

ही धोंड्याची माहिती मला इतकी पाठ होती, हे ध्यानात ठेवा. पुढं माझी अब्रू तिथंच जाणार आहे.

नांदेडच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. निवृत्त झालो, मुलं सुटली, पण माझी सवय सुटली नाही. चंद्र दिसला की मला चंद्राची माहिती सुचते, किल्ला दिसला की किल्ल्याची. शाळेत निदान तास संपल्यावर घंटा व्हायची. सासुरवाडीत घंटा नाही. तिथं एकच माणूस मला पूर्ण ऐकून घ्यायचा, किंवा घेतोय असं मला वाटायचं. ती माझी सासू.

सासू म्हणजे माझी सख्खी मामी. आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे, त्याप्रमाणं मी केली. त्यामुळं मामींचं माझ्याशी बोलणं दोन काळांत विभागलेलं आहे. लग्नाआधी 'अरे', कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनीच मला हौदावर बसवून वजरीनं घासलेलं. हळद लागली त्या दिवसापासून 'अहो जावईबापू'. फक्त मी काही घोळ घातला की 'अहो' गळून पडतं आणि खालचं जुनं 'अरे' वर येतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात मी बराच काळ 'अरे'त काढलाय.

मागच्या दसऱ्याला मी आणि बायको सोनं द्यायला गेलो. मामींनी आपट्याची पानं घेतली आणि माझ्या हातापासून वीतभर डावीकडं, हवेत ठेवली. पानं जमिनीवर पडली.

"धरा की जावईबापू."

"मामी, मी इकडं आहे."

"तिकडं बी हाव तुम्ही. तीन दिसायलाव. मी मधल्याला दिलं."

बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "एक असताना भागत नव्हतं, आता तीन." पण तिचा चेहरा उतरला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही मामींना लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं.

बाहेर बाकावर नंबराची वाट बघताना मामी म्हणाल्या, "आताशा चंद्र बी धड दिसंना. पुसल्यावानी दिसतो." आता चंद्राचं नाव काढल्यावर मी गप्प बसणार होतो का? मी सांगितलं, "मामी, चंद्र दरवर्षी दीड इंच लांब चाललाय आपल्यापासून. तुमच्या जन्मापासून धरलं तर दहा फूट गेला." त्यांना बरं वाटावं, एवढाच हेतू होता.

आत डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू होता, डावा तर चांगलाच पिकलेला. उशीर करू नका, फार पिकला की काढणं अवघड जातं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मामी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डोळ्याला काय झालं न्हाई. चंद्रच दहा फूट मागं सरकलाय. आमचे जावई शिक्षक हायेत, त्यांनी सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. शाळा तपासायला आलेले साहेब पाहायचे, अगदी तसं.

मेव्हण्यानं मला बाहेर काढलं. मग घरी मामींना समजावणं सुरू झालं, आणि खरी गोष्ट बाहेर आली. त्यांच्या लहानपणी गावात आलेल्या कुणा फिरत्या माणसानं त्यांच्या आईच्या डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू 'पाडला' होता. त्यानंतर आईला त्या डोळ्यानं कधी दिसलं नाही. भीती ती होती. आणि तिच्यावर एक नवी इच्छा येऊन बसली होती. त्यांच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं नुकतंच सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. हजार पुनवा बघितलेला माणूस म्हणून लेकीसुनांनी त्याला ओवाळलं होतं, गावजेवण झालं होतं. मामींचा आयुष्यात एकही वाढदिवस झालेला नाही. तारीखच नव्हती. आधार कार्डावर कुणीतरी एक जानेवारी टाकलेली, जशी आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची गुरुजींनी एक जून टाकलेली असते.

"माझा हजारावा चंद्र बघते," मामी म्हणाल्या, "मग कापा काय कापायचं ते. आधीच कापला आन् डोळाच गेला, तर? नऊशे नव्व्याण्णववर लटकत ऱ्हाऊ का मी?"

"पण आई, हजारावा कधी हाय?" मेव्हण्यानं विचारलं.

आणि मग, त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच, सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "हिशेब तुम्ही लावा."

न विचारता माहिती देण्यात माझा जन्म गेला. कुणी विचारून घेतली तर काय होतं, याचा अनुभव नव्हता. छाती फुगते, एवढं त्या दिवशी कळलं.

मामींकडं स्वतःच्या जन्माची माहिती होती. "माझा थोरला भाऊ झाला ना, त्याच्या पुढल्या धोंड्यात मी झाले. संकष्टीला. आईचा उपास होता."

"मामी, धोंडा म्हणजे काही पुरावा नाही," मी म्हणालो. "कागद लागतो."

कागद होता त्यांच्या भावाचा. तो भाऊ निलंग्याकडच्या खेड्यात राहतो. मी एसटीनं गेलो. म्हातारा पत्र्याच्या पेटीतून शाळेचा दाखला घेऊन आला. तो शाळेत गेला तेव्हा निजाम जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण शाळेचं रजिस्टर आणि मास्तर अजून निजामाचेच होते. सगळं उर्दूत. म्हाताऱ्यानं बोट फिरवत महिना आणि सन वाचून दाखवला. मी तो सन मोबाइलमध्ये घातला. मोबाइलनं क्षणात आपली तारीख काढून दिली, आणि मी ती उभ्या उभ्या जाहीर केली.

म्हातारा बोटं मोजत बसला. "म्हंजी मी तुमच्यापेक्षा धाकटा?"

"चांगला पंधरा वर्षांनी," मी म्हणालो. त्याच्या तोंडात एक दात होता.

"मंग तुमच्या लग्नात आहेर घेऊन आलतो, तवा मी कितवीत होतो, गुरुजी?"

मग त्यानंच मला शिकवलं. मोबाइलनं तो सन इराणचा धरला होता. महिन्यांची नावं तिथलीच, म्हणून मीही फसलो. दाखल्यावरचा सन फसली होता. पिकाच्या हंगामावर सारा वसूल करायला मुघलांच्या काळी काढलेला आणि निजामानं शेवटपर्यंत चालवलेला. त्याचं वर्ष इकडच्या ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपला सन येतो. मी बत्तीस वर्षं निजामाचं राज्य शिकवलं, पण त्या राज्यातल्या माणसाचं वय मला काढता येत नव्हतं. म्हाताऱ्याच्या सुनेनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हाताऱ्याकडं बोट करून मला म्हणाली, "धाकट्या मामंजींना बी देऊ का?"

पण भावाचा जन्म सापडला. जुनं पंचांग मिळवून त्याच्या पुढचा धोंडा शोधला. तो चैत्रातला निघाला. त्यातली संकष्टी म्हणजे मामींचा जन्म. म्हणजे त्यांच्या जन्मानंतरची पहिली पुनव ही त्याच्यापुढच्या, खऱ्या चैत्राची. इथपर्यंत सगळं सोळा आणे होतं. आता फक्त हजार पुनवा मोजायच्या होत्या. मी कागद घेतला. वर्षाला बारा पुनवा. हजार भागिले बारा. त्र्याऐंशी वर्षं, चार महिने.

दसऱ्याला मामी साडेऐंशीच्या होत्या.

"अजून दोन वर्षं दहा महिने," मी फोनवर जाहीर केलं.

पलीकडून मामींचा आवाज आला. "थांबते की. ऐंशी थांबले, त्यात तीन काय!"

आता मी काय करायला हवं होतं? डॉक्टर म्हणतात उशीर नको. माझ्याच हिशेबानं म्हातारी तीन वर्षं थांबायला तयार झालेली. शहाण्या माणसानं हिशेब परत तपासला असता. मी तक्ता केला. चार कार्डशीट चिकटवून, पट्टीनं आखून, एक हजार चौकोन. एका ओळीत बारा, वर चैत्र ते फाल्गुन महिन्यांची नावं. झालेल्या पुनवा पेन्सिलनं रेघोट्या मारून भरल्या, उरलेल्या कोऱ्या ठेवल्या. मामींच्या खोलीत भिंतीवर लावला. दर पुनवेला त्या बोटानं चाचपडत यायच्या, मेव्हणा बोट चौकोनावर नेऊन ठेवायचा, आणि त्या कुंकवाची टिकली लावायच्या. गावातले लोक तक्ता बघायला यायचे. मी नांदेडहून फोन करून विचारायचो, "लोक काय म्हणतात?"

थंडीत कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. डावा डोळा जवळजवळ बंद झाला. मामी चहा कपाच्या शेजारी ओतायला लागल्या. एकदा अंगणाच्या पायरीवरून पाय घसरून पडल्या. हाड वाचलं, पण बायको फोनवर रडली. तिनं आईला किती समजावलं! मामींचं एकच उत्तर. "जावयानं तक्ता लावलाय. उगं लावला का?"

माझ्यावर एवढा विश्वास त्या घरात दुसऱ्या कुणीही ठेवला नव्हता. मला रात्रीचं जेवण गोड लागेना. तरी हिशेब चुकला असेल, असं एकदाही वाटलं नाही.

माघात आम्ही हरभऱ्याचे घाटे खायला गेलो होतो. संध्याकाळी खळ्यावर बसलो. मामी तेव्हा म्हणाल्या, "माझे खरं तर तीन हजार झाले की. एकेका पुनवेला तीन-तीन बघते." सगळे हसले. मला मात्र खुलासा करायचा होता. मी मोबाइलवर चंद्राचा एक मोठा फोटो उघडून त्यांच्यासमोर धरला आणि सुरू झालो. की चंद्र आपल्याला चांदीसारखा दिसतो, पण खरं तर तो आपल्या औसा-लातूर डांबरी रस्त्याइतका काळा आहे, शंभरातला दहा-बारा भाग उजेड तेवढा परत फेकतो. मामी माझ्याकडं तोंड करून शांत बसल्या होत्या. किती मन लावून ऐकताहेत, असं मला वाटलं. बायकोनं आमचा एक फोटो काढला. मी तिला म्हणालो, "छान आला असेल तर ग्रुपवर टाक."

मग आला यंदाचा धोंडा. ज्येष्ठाच्या आधी जादाचा ज्येष्ठ. या महिन्यात जावयाला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तांब्याच्या ताटात दिवा आणि तेहतीस अनारसे द्यायचे. का तेहतीस, तर हा महिना साधारण तेहतीस महिन्यांनी येतो म्हणून. हे मी दर धोंड्याला, अनारसा तोंडात असतानाच, सगळ्यांना सांगतो. लग्नानंतरचे पंधरा धोंडे मामींनी एकही चुकवलेला नाही. करोनातला तेवढा फोनवर झाला. त्यांनी तिकडं दिवा फिरवला, मी इकडं पाटावर बसून मान फिरवली.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. मी टोपी घालून पाटावर बसलो. मामींनी ताट घेतलं आणि माझ्या उजव्या खांद्याशेजारच्या खांबाला ओवाळायला सुरुवात केली. बायकोनं त्यांचं मनगट हलकेच धरून दिवा माझ्याकडं वळवला. कुणी हसलं नाही. मेव्हणा उठून बाहेर गेला.

जेवणं झाल्यावर मामी म्हणाल्या, "कालची टिकली लावायची ऱ्हायलीय. चला, जावईबापू हायेत तर त्यांच्यासमोर." मेव्हण्यानं नेहमीप्रमाणं त्यांचं बोट नेलं. वैशाखाच्या चौकोनात टिकली होतीच. तो पुढच्या, ज्येष्ठाच्या चौकोनावर बोट ठेवणार, इतक्यात मामी थांबल्या.

"ह्यो कोणता?"

"जेठाचा," मेव्हणा म्हणाला.

"जेठ कुठं आलाय अजून? धोंडा चालूय. धोंड्याचा कोणता?"

मेव्हण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तक्त्याकडं पाहिलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. बारा नावं. मी ती स्केचपेननं, वळणदार अक्षरात लिहिली होती. माझ्या मांडीवर तांब्याचं ताट होतं, ताटात तेहतीस अनारसे होते, आणि मी भिंतीवर धोंड्याचं घर शोधत होतो.

"मामी," मी म्हणालो, "या तक्त्यात धोंडा नाही."

"ह्या ओळीत न्हाई?"

"कुठल्याच ओळीत नाही."

मामींचा चेहरा हळूहळू माझ्याकडं वळला. त्यांना तेव्हा मी किती दिसत होतो, देव जाणे, पण जितके दिसत होते तितक्या सगळ्यांना त्या एकदम म्हणाल्या, "अरे! धोंड्याला पुनव नसती का रे? पंधरा धोंडे चारले तुला! पाचशे अनारसे झाले! आन् मी जल्मले कुठल्या महिन्यात?"

"धोंड्याच्या," मी म्हणालो.

"आन् तोच इसरलास?"

"शाळेनं वेळेवर निवृत्त केलं ते बरं केलं," बायको म्हणाली.

मेव्हणा कधी नव्हे तो जोरात हसला. "दाजी, म्हशीला बी कळतंय ओ धोंडा कधी असतो!" पण हसता हसता तो थांबला, कारण त्याच्याही लक्षात आलं. धोंडे मिळवायचे म्हटल्यावर हजार लवकर भरणार. किती लवकर?

मामी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. पंचांगाची गरज पडली नाही. त्यांच्या आईनं मोजून ठेवलेले, मग लग्न झाल्यावर मामांचा पहिला, बहात्तरच्या दुष्काळातला, ज्यात पुरणाला डाळ मिळाली नव्हती. भूकंपाच्या सालचा, जो गणपतीच्या आधी आला होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला, ज्यात मी सतरा धोंडे खाल्ले आणि रात्रभर ओवा चावला. बायको दुसऱ्या हाताची बोटं पुरवत होती. मी मुकाट्यानं मोबाइलवर ताळा बघत होतो. मागच्या धोंड्यापर्यंत एकोणतीस. त्यांच्या तोंडी आले तेही एकोणतीस.

मग मी जमिनीवर बसून खडूनं मांडलं. ऐंशी वर्षांचे नऊशे साठ. त्यात एकोणतीस. नऊशे एकोणनव्वद. हजाराला अकरा कमी. गेल्या सालच्या चैत्रापासून पुढं अकरा पुनवा मोजल्या. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ... पौष, माघ.

माघ.

"यायचाय का?" मामींनी विचारलं.

उत्तर बायकोनं दिलं. "गेला, आई. चार पुनवा झाल्या."

मामींनी पदर सारखा केला. रागावतील, 'अरे' म्हणतील, ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "असू द्या. कधी आला, कधी गेला, कळलं बी न्हाई." आणि थोड्या वेळानं, "जल्म बी तसाच झाला माझा."

मी बत्तीस वर्षांत पोरांवर छड्या मोडल्या, पण मला स्वतःला कधी अशी लागली नव्हती. ताट बाजूला ठेवलं. काहीतरी करायचं म्हणून मोबाइल काढला आणि माघाच्या पुनवेला आपण कुठं होतो ते शोधायला लागलो. फोटोंवर तारीख असते.

आम्ही तिथंच होतो. खळ्यावर. घाटे खात.

फोटोत मी उभा, हातात मोबाइल, तोंड उघडं, डोळे किलकिले, कपाळावर आठ्या. माझा प्रत्येक फोटो असाच येतो, म्हणून आधी काही वाटलं नाही. मग वाटलं. मी डोळे किलकिले का केलेत? मावळता सूर्य माझ्या तोंडावर आहे म्हणून. म्हणजे मी पश्चिमेला बघतोय. मामी माझ्यासमोर बसल्यात, म्हणजे त्या पूर्वेला बघताहेत. आणि पुनवेचा चंद्र नेमका सूर्य मावळायच्या सुमाराला, नेमका त्याच्यासमोर, पूर्वेला उगवतो. ही माहिती मी निदान हजार पोरांना सांगितली असेल. तिचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा होत होता.

मी फोटो मोठा केला. मामी माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागं बघत होत्या. हनुवटी जराशी वर.

"मामी," मी म्हणालो, "माघात आपण खळ्यावर बसलो होतो. मी तुम्हाला मोबाइलमध्ये चंद्र दाखवत होतो..."

"हाव. डांबरावानी काळा म्हणून सांगायलतात."

"तेव्हा तुम्ही कुठं बघत होतात?"

मामी जरा लाजल्या. जावयाला खरं सांगावं की नाही, असा विचार केल्यासारख्या थांबल्या. "रागाला येऊ नका. तुमच्या मागनं चंद्र वर यायलता. केशरी, ह्या परातीएवढा. तीन होते. तिन्हीकडं बघत बसले होते मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायलतात की! जावयाच्या मधी कसं बोलायचं?"

बायको रडत होती की हसत होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मेव्हणा म्हणाला, "आई, तोच तुझा हजारावा."

मामींनी दोन्ही हात जोडून खळ्याच्या दिशेला एक नमस्कार केला. "बघितला म्हणायचा मग," त्या म्हणाल्या. आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "तीन हजार झाले. धोंडा संपला की डोळा काढा. धोंड्यात नगं."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन खऱ्या ज्येष्ठात लातूरला झालं. पिकलेला होता, वेळ लागला. डॉक्टरांनी मला बाहेरच बसायला सांगितलं. पट्टी निघाल्यावर मामींनी आधी लेकीला पाहिलं, मग लेकाला, मग माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"एकच हाव की तुम्ही," म्हणाल्या. "आन् लई म्हातारे झालाव."

वटपुनवेला आभाळ भरलेलं होतं. चंद्र क्षणभर ढगातून निघाला आणि परत गेला. तेवढ्यात त्यांनी पाहून घेतला, काळा चष्मा वर करून. कसा दिसला, हे मी विचारणार होतो. बायकोनं माझा पाय दाबला. मामी आत गेल्या, स्टुलावर चढायला लागल्या, मेव्हणा धावला तर त्याला हाकललं. तक्त्यावरची पेन्सिल घेतली आणि वैशाख-ज्येष्ठाच्या मधल्या रेघेवर, दोन्हीकडच्या चौकोनांत घुसणारा, स्वतःच्या हातानं एक वाकडातिकडा चौकोन काढला. आत कुंकवाची टिकली लावली.

"अरे," त्या मला म्हणाल्या, "बाकीचे एकोणतीस तू काढ. पट्टी घेऊन ये."